लेकराचा ताबा : कायदा, धम्म आणि आपली बैठक

(वर्षावास व्याख्यानमालेत यवतमाळ येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. वर्षावासात धम्मावर बोलावे, घटस्फोटावर कशाला, असेही कुणी मनात म्हणत असेल. परंतु वस्त्यावस्त्यांतून संसार मोडत आहेत, ही गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. ते का मोडतात हा वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. ज्याचा त्या भांडणात काडीचाही दोष नाही आणि ज्याला कुणी काही विचारत नाही, त्या लेकराचे पुढे काय होते एवढेच आज आम्ही बोलणार आहोत.

नवरा-बायकोचे पटत नाही म्हटले की आपल्याकडे बैठक बसते. दोन्हीकडचे सोयरे येतात, गावातली जाणती माणसे येतात, कधी आपल्या संस्थेचे पदाधिकारीही येतात. समेट झाला तर उत्तम. नाही झाला तर स्टँप पेपर आणला जातो. पूर्वी तो शंभराचा असे, आता पाचशेचा लागतो. त्यावर फारकत लिहिली जाते. आणि चार अक्षरे बरी येतात म्हणून पेन बहुधा आमच्यासारख्या नोकरदाराच्या हाती दिला जातो. आंदणातले कपाट कुणाचे, भांडी किती, सोन्याचे मणी किती, लग्नाचा खर्च कुणी कुणाला किती परत द्यायचा, हे सारे त्या कागदावर मोजून लिहिले जाते. एका पितळी गुंडासाठी दोन-दोन तास वाद चालतो. आणि शेवटी, सर्वजण थकल्यावर, एक ओळ येते : मुलगा वडिलांजवळ राहील, आईचा त्यावर काही एक हक्क राहणार नाही. किंवा : मुलगी आईजवळ राहील, वडिलांकडे तिने काही मागू नये. खाली सह्या, अंगठे, साक्षीदार. संपले!

गुंडाला दोन तास आणि लेकराला एक ओळ, हा हिशोब आम्हाला मान्य नाही. तो कायद्यालाही मान्य नाही, आणि तथागतांच्या धम्मातही बसत नाही.

प्रथम कायदा पाहू. आपल्यापैकी अनेकांचा समज असा की आपण बौद्ध आहोत, तेव्हा हिंदू कायदे आपल्याला लागू नाहीत. हा समज भावनेच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे, पण तो चुकीचा आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, या दोहोंत स्पष्ट लिहिले आहे की बौद्ध, जैन व शीख यांनाही ते लागू आहेत. बौद्धांसाठी वेगळा विवाह कायदा असावा ही मागणी समाजात जुनी आहे आणि ती करण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण तो कायदा होईपर्यंत कोर्टात उभे राहायचे ते याच कायद्यांच्या आधाराने. ज्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केले, त्यांच्यासाठी त्या कायद्यात मुलांच्या ताब्याचे वेगळे कलम आहे. तत्त्व मात्र तेच.

शिवाय हे कायदे आपल्याला परके नाहीत. त्यांचे मूळ ज्या हिंदू कोड बिलात आहे, ते बिल बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंत्री म्हणून संसदेत लढवले. ते अडवले गेले, आणि १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. पुढे त्या बिलाचे तुकडे करून चार कायदे केले गेले. पालकत्वाचा कायदा २५ ऑगस्ट १९५६ चा आहे. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ ऑक्टोबरला, नागपूरच्या भूमीवर धम्मदीक्षेचा सोहळा झाला. एकाच पावसाळ्याच्या या दोन टोकांच्या गोष्टी आहेत.

फारकतीच्या कागदाची कायद्यात किंमत काय? कायद्याने घटस्फोट कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच होतो. एखाद्या समाजात रूढीने काडीमोड होत असेल तर कायदा ती रूढी मानतो, परंतु तशी जुनी आणि अखंड रूढी आहे हे सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. आता बावीस प्रतिज्ञा घेऊन जुन्या रूढी सोडलेले आपण, कोर्टात जाऊन कोणत्या रूढीचा आधार मागणार? नवरा-बायको दोघेही राजी असतील तर परस्परसंमतीने घटस्फोटाचा सरळ मार्ग कायद्यात आहे. एक वर्ष वेगळे राहिल्यावर अर्ज करता येतो. पुढचे सहा महिने थांबण्याची अट योग्य प्रकरणात कोर्ट शिथिल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले आहे.

आणि मुलाबद्दलची ती ओळ? तिने कोर्ट बांधले जात नाही. आई किंवा बाप, कुणीही कागदावर सही करून लेकराचा पोटगीचा हक्क विकू शकत नाही, कारण तो हक्क सही करणाराचा नसतोच, लेकराचा असतो. ‘हक्क राहणार नाही’ असे लिहून दिलेली आईसुद्धा दुसऱ्या दिवशी ताब्याचा अर्ज करू शकते. हे न कळल्यामुळे कितीतरी बायका अंगठा दिला म्हणून वर्षानुवर्षे गप्प बसतात.

आता दोन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत. एक ताबा आणि दुसरा पालकत्व. मूल कोणाजवळ राहते, त्याला कोण जेवू घालते, शाळेत कोण पाठवते, हा झाला ताबा. त्याच्या वतीने सही कोणी करायची, त्याच्या मालमत्तेचा कारभार कोणी पाहायचा, हे झाले पालकत्व. मूल आईजवळ आणि सहीचा अधिकार बापाजवळ, असे होऊ शकते आणि पुष्कळदा होते. १९५६ च्या कायद्याचे सहावे कलम म्हणते की अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे वडील, आणि त्यांच्यानंतर आई. मात्र पाच वर्षे पुरी न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा.

‘वडिलांनंतर आई’ या शब्दांनी फार छळ केला. नंतर म्हणजे केव्हा? बाप मेल्यावर? बाप जिवंत आहे पण दहा वर्षांत तोंड दाखवले नाही, तर काय? हा प्रश्न आपल्याच विदर्भातल्या एका जमिनीच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. कुळकायद्याखालचा तो वाद होता, जिजाबाई विठ्ठलराव गजरे विरुद्ध पठाणखान या नावाने तो ओळखला जातो. नवरा-बायको अनेक वर्षे वेगळे राहत होते. मुलगी आईजवळ होती, मुलीच्या जमिनीचा कारभार आई पाहत होती, बाप जिवंत असून लक्ष देत नव्हता. मग मुलीच्या वतीने आईने केलेला व्यवहार खरा की खोटा? १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा परिस्थितीत आईच नैसर्गिक पालक मानली पाहिजे. सातबारावर ‘अ.पा.क. आई’ अशी नोंद पाहिली की आम्हाला या खटल्याची आठवण होते.

दुसरा खटला आमच्या व्यवसायाच्या जवळचा आहे. १९८४ च्या डिसेंबरात गीता हरिहरन या लेखिकेने आपल्या अज्ञान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रिलीफ बाँड घेण्यासाठी अर्ज केला. पालक म्हणून सही आईची होती. नवऱ्याशी भांडण नव्हते, त्याचीही या गोष्टीला संमती होती. तरी अर्ज परत आला. वडिलांची सही आणा, किंवा आईला पालक नेमल्याचा कोर्टाचा दाखला आणा! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यासोबत दिल्लीतले आणखी एक प्रकरण जोडले गेले, ज्यात घटस्फोटाचा दावा चालू असताना बाप स्वतःलाच एकमेव पालक म्हणवीत होता. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी निकाल लागला. ‘नंतर’ याचा अर्थ ‘मृत्यूनंतर’ एवढाच नव्हे, तर ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असा घ्यायचा. वडील लक्ष देत नसतील, दूर असतील, आजाराने असमर्थ असतील किंवा दोघांचे तसे ठरले असेल, तर आईच पालक.

हा निकाल चांगला आहे, पण आमचे त्याने पूर्ण समाधान झालेले नाही. बाप हजर असला की आई मागेच राहते, ही गोष्ट त्याने बदललेली नाही. विधी आयोगाने १९८९ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये आईबापांना बरोबरीचा दर्जा द्यावा अशी शिफारस केली. कलम मात्र अजून तसेच आहे. ज्या कायद्यासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्यातले हे एवढे कमी राहिले आहे आणि ते मागण्याचे काम आपले आहे.

आता ताब्याकडे येऊ. कोर्ट ताबा देताना काय पाहते? १९५६ च्या कायद्याच्या तेराव्या कलमात आणि १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात त्याचे उत्तर आहे. ते एका शब्दात सांगायचे तर लेकराचे कल्याण. आईचा हक्क, बापाचा हक्क, सासऱ्याचा मान, हे सारे त्याच्या मागे. लेकरे म्हणजे आईबापांच्या मालकीच्या वस्तू नव्हेत आणि त्यांच्या खेळण्याही नव्हेत, असा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच मांडला आहे. आपल्या बैठकीत मात्र मुलाचा बोली आंदणासारखीच लागते. आणि खरे बोलायचे तर बोली मुलासाठी लागते. मुलीसाठी लागत नाही. पोरगा हवा म्हणून दोन्हीकडचे हात वर असतात, पोरगी मात्र ‘जाऊ द्या आईसंगं’ म्हणून सोडली जाते. पोराच्या मागे कधी वंशाची भावना असते, कधी सातबाऱ्यातला हिस्सा असतो. भावाला एका गावात आणि बहिणीला दुसऱ्या गावात वाढवण्याचे पाप याच वाटणीतून होते.

पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे, हे आधी आलेच. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी पक्के केले. इतक्या लहान मुलाच्या बाबतीत आई अयोग्य आहे हे बापाने दाखवून द्यावे लागते, आईने आपली योग्यता सिद्ध करत बसायची नाही. पाच वर्षांनंतर मूल आपोआप बापाकडे जाते असा एक गैरसमज गावोगावी आहे. तसे कुठेही लिहिलेले नाही. पाच वर्षांनंतरही कसोटी कल्याणाचीच.

आई पुन्हा लग्न करते आहे, तेव्हा मूल तिच्याकडे ठेवू नये, असे बैठकीत हमखास म्हटले जाते. बापाने दुसरे लग्न केले तर हा प्रश्न कुणी विचारत नाही! पुनर्विवाह केल्याने आईचा ताब्याचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका निकालात म्हटले आहे. आईची मिळकत कमी आहे, हेही कारण पुरेसे होत नाही. मिळकत बापाची जास्त असेल तर त्याने पोटगी द्यावी, मूल घेऊन जाण्याचा तो परवाना नव्हे. आणि तिसरे, चारित्र्य. बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवले की बैठक तिथेच निकालात निघते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली एका प्रकरणात सांगितले की व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण होऊ शकेल, पण मुलाचा ताबा नाकारण्याचे नव्हे. वाईट पत्नी ठरवली गेलेली बाई वाईट आई असतेच असे नाही. हाच न्याय बापालाही लावावा. दारू पिऊन मुलासमोर हाणामारी करणारा बाप आणि बायकोशी न पटलेला पण मुलाला रोज सायकलवर शाळेत सोडणारा बाप, या दोघांना एका तराजूत घालता येत नाही.

मूल जाणते असेल तर कोर्ट त्याला विचारते. न्यायाधीश अनेकदा त्याला आपल्या दालनात बोलावून बोलतात. मुलाची इच्छा हा एकमेव आधार नसतो, कारण आठ दिवस चॉकलेट आणि मोबाइल देऊनही इच्छा तयार करता येते. पण ती ऐकली जाते. आपल्या बैठकीत दहा वर्षांच्या पोराला कुणी विचारल्याचे आम्ही पाहिलेले नाही. आणि विचारायचे तर पन्नास माणसांत उभे करून ‘आई पाहिजे का बाप’ असे विचारू नये. तो प्रश्न नव्हे, शिक्षा आहे.

धम्मबांधवहो, ताब्याचा खटला आपल्या साहित्यात दोन हजार वर्षांपूर्वीपासून आहे. जातककथांत महोसधाची मोठी कथा आहे. बोधिसत्त्व त्या जन्मी महोसध नावाचा अतिशय बुद्धिमान पुरुष होता. एक बाई लेकराला घेऊन तळ्यावर आली. एका यक्षिणीने बाईचे रूप घेऊन लेकरू उचलले आणि ते आपलेच म्हणू लागली. वाद महोसधापुढे आला. त्याने जमिनीवर रेघ ओढली, लेकराला रेघेवर ठेवले आणि दोघींना हात-पाय धरून ओढायला सांगितले. जी ओढून नेईल तिचे लेकरू. ओढाताण सुरू झाली, लेकरू रडू लागले. तेव्हा खऱ्या आईने हात सोडले आणि ती रडत उभी राहिली. महोसधाने लेकरू तिला दिले.

ही कथा आपण मुलांना सांगतो, पण बैठकीत विसरतो. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. महोसध तिथे होता म्हणून सोडणारी आई जिंकली. आज काय होते? मारहाण करून रात्री घराबाहेर काढलेली बाई लेकरू मागे ठेवून माहेरी येते, कारण त्या रात्री ओढाताण केली असती तर लेकराला लागले असते. सहा महिन्यांनी तिलाच म्हणतात, ‘ही तर लेकरू टाकून गेली होती.’ हात सोडला हाच तिच्याविरुद्ध पुरावा! म्हणून अशा बाईने वेळ घालवू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, त्यासाठी घटस्फोटाच्या दाव्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी गोष्ट राहुलाची. तथागत कपिलवस्तूला परत आले तेव्हा राहुल लहान होता. तो वडिलांच्या मागे गेला, त्याने आपला वारसा मागितला, आणि त्याला संघात प्रव्रज्या मिळाली. हे कळल्यावर आजोबा शुद्धोदन फार व्याकूळ झाले. मुलगा गेला तेव्हा दुःख झाले, आता नातूही गेला, असे त्यांनी तथागतांना सांगितले आणि मागणी केली की इथून पुढे आईवडिलांच्या संमतीवाचून कुणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी ते मान्य केले आणि तसा विनयाचा नियमच केला. आजही भिक्षूची दीक्षा घेताना ‘आईवडिलांची अनुज्ञा आहे काय’ असे विचारतात. आईची आणि वडिलांची, दोघांची. प्रत्यक्ष बुद्ध, म्हातारा आजोबा दुःखी झाला म्हणून, मुलांविषयीचा नियम करतो. आपल्या बैठकीतला एखादा पंच मात्र एकदा बोललेला शब्द मागे घ्यायला तयार नसतो.

कोर्टही तसा हट्ट धरत नाही. ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. मुलाचे वय वाढले, परिस्थिती बदलली, तर तो बदलून मागता येतो.

आता भेटीविषयी. ताबा एकाला मिळाला म्हणजे दुसरा मेला असे नव्हे. आईबाप दोघांची माया मिळणे हा मुलाचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आणि दूर राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलने मुलाशी बोलू द्यावे असेही सांगितले. आपल्या जिल्ह्यात याची फार गरज आहे. बाप कामासाठी पुण्याला किंवा सुरतेला, आई माहेरी घाटंजीकडे किंवा उमरखेडकडे, अशी घरे थोडी नाहीत. म्हणून ‘भेटू द्यावे’ एवढे मोघम लिहून भागत नाही. कोणत्या रविवारी, किती वाजता, कुठे, आणायचे कुणी, पोचवायचे कुणी, उन्हाळ्याच्या सुटीतले किती दिवस, हे लिहावे. १४ एप्रिल कोणाकडे आणि दीक्षाभूमीला कोणासंगे जायचे, हेही लिहावे. हसू नका, याच दिवशी भांडणे होतात. मिरवणुकीत आई एका बाजूला, बाप दुसऱ्या बाजूला आणि निळा फेटा बांधलेले पोरगे मधे, कुणाकडे जावे ते त्याला कळत नाही.

पैशाचे बोलू. मुलाची पोटगी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखाली मिळत असे. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात हे कलम १४४ झाले. या विषयावरचा महत्त्वाचा निकाल आपल्या नागपुरातून गेलेल्या प्रकरणात लागला, रजनेश विरुद्ध नेहा, नोव्हेंबर २०२०. दोघांनीही आपली मिळकत व मालमत्ता शपथपत्रावर सांगायची आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, असे त्यात ठरले. निकालाला चार वर्षे लागली तरी लेकराची चार वर्षे बुडत नाहीत. आमचा एक व्यावहारिक सल्ला ऐका. पोटगी हातात देऊ नका, हातात घेऊ नका. खात्यात भरा. देणाऱ्याला दिल्याचा आणि घेणाऱ्याला न मिळाल्याचा पुरावा पासबुकात आपोआप तयार होतो. आणि पैसे व भेट यांची सांगड घालू नका. ‘पैसे देत नाही, मग भेट नाही’, ‘भेटू देत नाही, मग पैसे नाही’, हे दोन्ही बाजूंचे आवडते वाक्य आहे. दोन्ही वेळा उपाशी राहते ते लेकरूच.

मुलाचे खाते उघडायला बाप लागतो, हा समज तर सोडूनच द्या. आईला पालक म्हणून मुलाचे खाते उघडू द्यावे असे रिझर्व्ह बँकेने १९७६ सालीच बँकांना कळवले होते. एप्रिल २०२५ च्या नव्या सूचनांतही ते आहे. दहा वर्षांवरचे मूल तर बँकेच्या अटींत राहून स्वतःच बचत खाते चालवू शकते. काउंटरवर कुणी ‘साहेबांना घेऊन या’ म्हटले तर वरच्या अधिकाऱ्याला विचारा, घाबरू नका. आणखी एक. मुलाच्या नावावर शेत किंवा घर असेल तर ते आईलाही विकता येत नाही आणि बापालाही गहाण टाकता येत नाही. त्याला आधी कोर्टाची परवानगी लागते.

आता येतो तो मुद्दा, जो आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे आणि ज्याचा वकील लोकही वेळेवर विचार करत नाहीत. जातीचा दाखला आणि जात पडताळणी. मूल आईजवळ वाढते. दहावी होते, बारावी होते, इंजिनिअरिंगला किंवा नर्सिंगला नंबर लागतो, आणि मग वैधता प्रमाणपत्र मागितले जाते. त्यासाठी वडिलांकडचे कागद लागतात. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबाचा दाखला, कोतवाल बुकातली नक्कल, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा. आणि पंधरा वर्षांपूर्वी भांडून वेगळा झालेला बाप, किंवा त्याचा भाऊ, म्हणतो, ‘नाही देत जा, आता आली का आठवण?’ बाबासाहेबांनी मिळवून दिलेली जागा बापाच्या पेटीत कुलूपबंद राहते. शिष्यवृत्ती अडते, प्रवेश अडतो. म्हणून फारकतीच्या वेळीच, सह्या होण्याआधी, या सगळ्या कागदांच्या साक्षांकित प्रती मुलाच्या नावाने आईच्या हाती आल्या पाहिजेत. बैठकीत बसणाऱ्या सभासदांनी एवढे एक जरी केले तरी पुष्कळ झाले. मूल बापाकडे राहत असेल तर आईचे आधार कार्ड, जन्मदाखला, जुन्या शाळेचा टी.सी., हे तसेच उलट दिशेने द्यावे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आईचे नाव, मग वडिलांचे, अशी पद्धत महाराष्ट्रात सक्तीची झाली आहे. आई कागदावर आली, हे चांगले झाले. पण पडताळणी समितीपुढचे काम अजून बापाच्या कागदांवरच अडते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही वसतिगृहात राहता आणि काहींच्या घरी ही कहाणी घडलेली असेल. तुम्ही कोणाकडे वाढलात यावरून तुमचा वडिलांच्या मालमत्तेतला वारसाहक्क बुडत नाही. अठरा वर्षे पूर्ण झाली की पालकत्व संपते, तुमची सही तुमची. आणि मुलींनो, लग्न न झालेल्या व स्वतःचा खर्च चालवू न शकणाऱ्या मुलीला अठरानंतरही वडिलांकडून पोषण मागण्याचा हक्क १९५६ च्या दत्तक व पोषण कायद्याने दिला आहे. शिक्षण अर्धवट सोडण्याआधी हे ध्यानात ठेवा. आणि आईबापांपैकी कुणाच्या बाजूने व्हायचे याचा निवाडा करण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही.

अर्ज कुठे करायचा? घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्याच कोर्टात, हिंदू विवाह कायद्याच्या २६ व्या कलमाखाली. मुलाच्या शिक्षण-पोषणाचा अंतरिम अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा असे कायदाच म्हणतो. दावा नसेल तर १८९० च्या कायद्याखाली, मूल नेहमी जिथे राहते त्या भागाच्या जिल्हा न्यायालयात, किंवा जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्या न्यायालयात. ‘नेहमी राहते’ हा शब्द महत्त्वाचा. रातोरात मूल उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेले म्हणून ते तिथले रहिवासी होत नाही.

वकिलाच्या फीची भीती वाटत असेल तर ती बाळगू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९९० पासून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे, तेव्हा आपल्या पुरुष बांधवांनाही ही मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. फोनवर विचारायचे असेल तर १५१०० हा देशभरचा क्रमांक आहे.

राहता राहिली आपली बैठक. आमची संस्थेला विनंती आहे की तिने लेकरासाठी एक वेगळा कागद करावा. आंदणाच्या यादीला तो जोडू नये, आणि त्यावर आधी चर्चा व्हावी, भांड्यांवर नंतर. त्यात मूल कुठे राहील, कोणत्या शाळेत जाईल, दरमहा किती रक्कम कोणत्या खात्यात येईल, भेट केव्हा, दवाखान्याचा खर्च कुणाचा, आणि दाखल्यांच्या प्रती कुणी कुणाला केव्हा दिल्या, हे लिहावे. खाली आईबापांच्या सह्या असाव्यात. हा कागद म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. म्हणून तो घेऊन दोघांनी परस्परसंमतीच्या अर्जासोबत कोर्टात जावे, कोर्टाने तपासून त्यावर शिक्का मारला म्हणजे त्याला बळ येते. त्याचा नमुना आम्ही साध्या मराठीत तयार करून आणला आहे. दोन पानांचा आहे. संस्थेच्या वकील सभासदांनी तो तपासावा, त्यात भर घालावी, आणि पुढच्या पौर्णिमेपर्यंत सूचना द्याव्यात. प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी आता विचारावेत, आणि ज्यांना सर्वांसमोर विचारणे जड वाटते त्यांनी सभा संपल्यावर भेटावे. आम्ही थांबणार आहोत.

जयभीम! नमो बुद्धाय!